पंधरा जास्तीच्या सुतळ्या

२५ जून, रविवार

लिहा, यज्ञेश्वरराव. आधी अटी ऐका. मी सांगेन तेवढंच उतरवायचं. पदरचं काही घालायचं नाही, कंसात शहाणपणा करायचा नाही. माझ्या 'हाय'चं 'आहे' केलंत तर चालेल, नारायण पेठेतून आलेल्या माणसाला तेवढी मुभा.

हे दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. उभा जन्म टपाल खात्यात गेला, त्यामुळे दुसऱ्याचं लिहून द्यायची सवय आहे. मुलाने उंड्रीत फ्लॅट घेतला म्हणून म्हातारपणी इकडे आले. त्यांचं देवघर आहे तिथे आमची गवार होती. मी अधूनमधून आठवण करून देते.

आज लिफ्टपाशी नोटीस लागली. मला अक्षर येत नाही, म्हणून यांना धरून आणलं. त्यांनी वाचली ती अशी: तीस जुलैला सभा. आवारातली जुनी विहीर बुजवून नऊ गाड्यांची जागा करायची. का, तर विहीर निम्मं वर्ष कोरडी असते आणि उरलेलं वर्ष डास पाळते. एकवीस घरं, एकवीस चिठ्ठ्या. खाली मागणी करणाऱ्यांच्या सह्या आहेत, त्या वाचायची काही गरज नाही म्हणाले.

मी म्हटलं, "नकाच वाचू. पहिली सही सर्जेरावाची असणार." सर्जेराव माझा पुतण्या, सोसायटीचा अध्यक्ष. जमीन त्यानेच बिल्डरला दाखवली, आता विहीरही दाखवतोय.

यज्ञेश्वररावांनी चष्मा पुसला. स्वच्छच होता.

ही विहीर निम्मं वर्ष कोरडी? छत्तीस पायऱ्यांची विहीर आहे. मी उतरून उतरून गुडघे घालवलेत. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारी गप्प बसली, म्हणून ही वही.

२८ जून, बुधवार

शालूला नोटीस सांगितली. शालू म्हणजे शाल्मली, माझ्या मच्छिंद्रची मुलगी. कॉलेजात आकड्यांचं काहीतरी शिकते. तिने एवढंच विचारलं, "आजी, पुरावा काय?"

मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. आत दोर आहे.

बहात्तरच्या दुष्काळात सासूने हाय खाल्ली होती. पुढच्या पाडव्याला मला म्हणाली, "दर अमावस्येला विहिरीवर जायचं, उघड्या पायऱ्या मोजायच्या. पाणी किती आहे ते विसरणारं घर बसतं." मोजायला मला बोटं पुरत, पण लक्षात कसं ठेवायचं? मग आमच्या मालकांनी, गेनबांनी, अंबाडीचा दोर वळून दिला. अमावस्या झाली की त्याला एक सुतळी बांधायची. जेवढ्या पायऱ्या उघड्या तेवढ्या गाठी. पहिल्या सुतळीला छत्तीस गाठी आहेत. त्या वर्षी तळाला नुसता चिखल होता. दोर संपत आला की मालक पुढे जोडून देत, नंतर मीच जोडला. चाळीस वर्षं बांधल्या. मग इथे इमारत आली, मी तिसऱ्या मजल्यावर आले आणि सोडून दिलं. कंटाळा आला, दुसरं काही नाही.

शालूने दोर मांडीवर घेतला. म्हणाली, "आजी, हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी पेटी ओढली नाहीस."

२ जुलै, रविवार

पोरगी चार दिवस गाठी मोजते आहे. सुतळी चिमटीत धरते, गाठी मोजते, लॅपटॉपात आकडा टाकते, मोजून झालेल्या सुतळीला कपड्यांचा चिमटा लावते. घरातले सगळे चिमटे दोराला आणि धुणं वाऱ्याबरोबर खाली सर्जेरावाच्या बाल्कनीत. मला दोन्ही गोष्टी आवडल्या.

तिने स्वतः गेलं वर्षभर गंमत म्हणून विहिरीच्या पायऱ्या मोजून ठेवल्यात, हेही आज कळलं. म्हणजे रक्तातच आहे.

६ जुलै, गुरुवार

आकड्यांचं चित्र काढून देणारा एक कारागीर लॅपटॉपात असतो. शालू त्याला मॅटप्लॉटलिब म्हणते. माझ्या तोंडात ते मावत नाही, मी त्याला चितारी म्हणते. त्याला हाताने रेघ दाखवून चालत नाही, लेखी हुकूम द्यावा लागतो. शब्द इकडचा तिकडे झाला की लाल अक्षरांत भांडतो.

आज भांडला. शालूने वाचून दाखवलं: आडव्या रांगेत चारशे ऐंशी, उभ्या रांगेत चारशे पंच्याण्णव, जोड्या लागत नाहीत, चित्र काढणार नाही.

आडवे म्हणजे महिने. चाळीस वर्षांचे बाराने चारशे ऐंशी. उभ्या माझ्या सुतळ्या. त्या पंधरा जास्त भरल्या.

"आजी, रागावू नकोस. पण तू कधी एका महिन्यात दोनदा बांधलीस का? चुकून?"

"मी न शिकलेली आहे, शालू. चुकायला शिकावं लागतं."

ती हसली, पण माझ्या बोलण्यावर नव्हे, माझ्यावर. मग तिने शेवटच्या पंधरा सुतळ्या सोडून दिल्या. रांगा जुळल्या, चितारी निमूट झाला. मला ते काही बरं वाटलं नाही. लग्नात पाहुणे जास्त झाले म्हणून शेवटची पंगत हाकलून द्यावी तसं झालं.

७ जुलै, शुक्रवार

पहिलं चित्र निघालं. यज्ञेश्वररावही बघायला वर आले. शालूने मराठीत नावं घातली होती, पाणी, पायऱ्या, वर्ष अशी. पण चित्रात अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. डब्याला डबा. यज्ञेश्वरराव चष्मा खालीवर करतात, मान वाकडी करतात, काही उमगेना.

मी म्हटलं, "यज्ञेश्वरराव, मला सगळा छापील कागद जन्मभर असाच दिसतो. आज तुम्ही माझ्या वर्गात आलात, बसा."

शालू म्हणाली चितारीची चूक नाही. त्याच्याकडे मराठी अक्षरांचा साचा नाही, तो आणून द्यावा लागतो. तो शोधत ती दुपारभर बसली. मग कळलं की कुठल्याशा परदेशातल्या माणसाला आठ वर्षांपूर्वी हीच अडचण आली होती. दुसऱ्या कुणी अनोळखी माणसाने त्याला उत्तर लिहिलं आणि ते सगळ्यांसाठी तसंच ठेवून दिलं. ना ओळख ना पाळख. वाटेवर पाणपोई घालून माणूस पुढे निघून जावा तसं. मला हे फार मोठं वाटलं. शालूला विचारलं, त्याचं नाव काय? तिने बघितलं नव्हतं. म्हटलं, बघ. पाणी प्यायल्यावर विचारावं.

चौकोन गेले, अक्षरं आली. मी परत एकटी माझ्या वर्गात.

१० जुलै, सोमवार

आज मीच एक खोड काढली. चित्रात पहिल्या वर्षांत उन्हाळा आला की रेघ डोंगरासारखी वर, पावसाळ्यात खाली दरी.

"शालू, आपल्या विहिरीत उन्हाळ्यात डोंगर कसा गं उगवतो?"

"आजी, उघड्या पायऱ्या जास्त म्हणजे आकडा मोठा, म्हणून वर."

"आकडा मोठा झाला तरी पाणी खालीच जातं ना? विहिरीत बघताना माणूस खाली बघतो का वर?"

तिने लॅपटॉप पुढे ओढला. मग एक ओळ लिहिली आणि सगळं चित्र पालथं झालं. वर पहिली पायरी, खाली छत्तिसावी. आता ते विहिरीसारखं दिसायला लागलं. मग तिने पाण्याच्या बाजूला निळा रंग भरला, पायऱ्यांच्या बारीक आडव्या रेघा घातल्या. एकेक हुकूम लिहायची, मान तिरकी करून बघायची, पुसायची, परत लिहायची. आम्ही रांगोळीत एक ठिपका चुकला तर फराटा मारून मोकळ्या व्हायचो. ही पोरगी चाळीस वेळा पुसते आणि एकदाही त्रासत नाही. मला एवढा धीर नव्हता. गेनबांना होता.

११ जुलै, मंगळवार

शालूला एक ठिपका खुपला. चौऱ्याण्णव सालात विहीर अचानक काठोकाठ, मागेपुढे कोरड. म्हणाली, "इथे सुतळी आहे, पण गाठच नाही. शून्य पायऱ्या. चूक दिसते, काढून टाकू?"

मी म्हटलं, ती चूक नाही. त्या चैत्रात मालक गेले. अमावस्येला मी विहिरीवर गेले नाही. पण सुतळी चुकवायची नाही असं सासूला सांगितलेलं, म्हणून रिकामी बांधली.

शालूने रिकामी सुतळी चिमटीत धरली. मग म्हणाली, चितारीची एक सवय असते, ठिपका काढला की तो दोन्हीकडची टोकं सरळ जोडून टाकतो, जणू मधे काही झालंच नाही. त्याला मुद्दाम सांगावं लागतं की इथे आकडा नाही, हात उचल.

तिने सांगितलं. त्याने हात उचलला. आता तिथे रेघ तुटली आहे, बोटभर जागा कोरी.

यज्ञेश्वरराव, थांबू नका. पुढे लिहा. आज आमटी खारट झाली होती.

१३ जुलै, गुरुवार

घोळ मोठा आहे. शालूने एकेक वर्ष बोटाने दाखवलं. सुरुवातीची वर्षं ठीक. पुढे पुढे बघते तर वैशाखात विहीर तुडुंब आणि दिवाळीला तळाशी.

मी विचारलं, "प्रेमलाचा पहिला दिवाळसण कुठे आहे यात?" प्रेमला माझी मुलगी, हडपसरला दिली आहे. ब्याण्णव साल. शालूने ठिपका दाखवला. सत्ताविसावी पायरी.

"मग जावई कशात पडले?"

झालं होतं असं. जावई नवी सफारी घालून विहीर बघायला गेले आणि चौथ्या पायरीवरून घसरले ते थेट पाण्यात. सगळ्या गावाने बघितलं. सत्ताविसाव्या पायरीवर पाणी असतं तर माणूस मोडला असता. आमचे जावई फक्त ओले झाले.

शालूचा चेहरा उतरला. तिने परत गाठी मोजल्या, बरोबर. चितारीला परत हुकूम दिले, बरोबर. म्हणाली, "आजी, हे घेऊन सभेत गेले तर सर्जाकाका म्हणतील, बघा, विहिरीला काही ताळतंत्रच नाही. कधीही आटते, कधीही भरते. याच चित्राने विहीर बुजेल."

पहिल्यांदा मलाही वाटलं, माझंच चुकलं असेल का? चाळीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. कधी गुडघे दुखले असतील, कधी मोजता मोजता कुणी हाक मारली असेल. सतरा दिवस उरले. जेवण गेलं नाही.

१५ जुलै, शनिवार

लिहा, आणि मोठ्या अक्षरात लिहा.

दुपारी प्रेमलाचा फोन आला. मंगळवारपासून अधिक महिना, यंदा श्रावण दोन, तेव्हा जावयाला धोंडे खायला कधी बोलावतेस ते विचारत होती. मी म्हटलं, "दर तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा येतो आणि जावई तेवढाच लक्षात ठेवतात."

शालू ताडकन उठली. "आजी, काय म्हणालीस?"

"जावई लक्षात ठेवतात."

"त्याच्या आधी!"

मग तिनेच कपाळावर हात मारला. मी अमावस्या मोजल्या होत्या, तिने कॅलेंडरचे महिने. तिच्या वर्षाला बारा, माझ्या वर्षाला कधी बारा, कधी तेरा. चाळीस वर्षांत अधिक महिने किती? तिने शोधून काढलं: बरोबर पंधरा. दर तीन वर्षांनी चित्र एकेक महिना घसरत गेलं, म्हणून दिवाळीत उन्हाळा आला.

ती माझ्या पायाच पडली. "आजी, एकही सुतळी चुकलेली नाही. मीच तुझे पंधरा महिने कापले."

मी म्हटलं, उठ, शेवटची पंगत परत बोलाव.

१६ जुलै, रविवार

आता प्रत्येक सुतळीला तिची खरी तारीख हवी. शालू म्हणाली, यंत्र काढून देईल. यज्ञेश्वरराव म्हणाले, "यंत्रावर माझा विश्वास नाही." घरी गेले आणि पंचांगांचा गठ्ठा घेऊन आले. पन्नास वर्षांची, एकही टाकलेलं नाही. पेठेतली माणसं काही टाकत नाहीत, हे मी ऐकून होते. आज उपयोगी पडलं, म्हणून नावं ठेवत नाही.

मी विचारलं, "तुम्हाला हो कशाला एवढी हौस? विहीर बुजली तर तुमच्या गाडीला जागा मिळेल." त्यांची गाडी रस्त्यावर वडाखाली असते. कावळ्यांनी तिचा मूळ रंग कोणता ते कळू दिलेलं नाही.

"आकडा चुकीचा राहिलेला मला बघवत नाही," म्हणाले.

२० जुलै, गुरुवार

चार दिवस हे वाचतात, ती टाकते. चारशे पंच्याण्णव अमावस्या. मधे मी चहा. पंचांगात आणि यंत्रात फरक किती निघाला? शून्य. यज्ञेश्वरराव यंत्रावर जरा खूश झाले. शालू म्हणाली यंत्रच यांच्यावर खूश झालं असेल.

मग तिने चितारीला हुकूम दिला.

मला वाचता येत नाही, पण हे वाचलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरतं, दर श्रावणात वर येतं. चाळीस वेळा. श्वास घेतल्यासारखं. ब्याण्णवच्या दिवाळीला पाणी चौथ्या पायरीला, जावई पडले तिथेच. सगळ्यात खाली फक्त एकदा, पहिल्याच ठिपक्याला, दुष्काळात. नंतर एकोणतिसाव्या पायरीच्या खाली विहीर कधी गेली नाही. मधे बोटभर कोरी जागा.

शालूने स्वतःचे गेल्या वर्षीचे ठिपके डाळिंबी रंगात माझ्या शेवटच्या वर्षावर ठेवले. माझ्या निळ्या रेघेवर ते असे बसले, जसे एकाच हाताने लावलेत.

यज्ञेश्वरराव म्हणाले, "मैनाबाई, आमच्या खात्यात चाळीस वर्षांत अशी नोंद कुणी ठेवली नाही." मी म्हटलं, तुमच्याकडे लिहिता येणारी माणसं होती ना, म्हणून.

२७ जुलै, गुरुवार

सभेसाठी चित्र मोठं छापायचं. पहिल्यांदा अक्षरं मुंगीएवढी आली, म्हाताऱ्यांसाठी शालूने वाढवली. मग महिने एकमेकांवर चढले, त्यांना तिरकं केलं. मग फ्लेक्सवाल्याकडे. त्याने विचारलं, "ताई, वाढदिवस कुणाचा?" ही म्हणाली, "विहिरीचा." त्याने खरोखरच कोपऱ्यात फुगे घातले होते. काढायला लावले.

३० जुलै, रविवार

सभा झाली. क्रमाने सांगते.

फ्लेक्स पार्किंगच्या खांबांना बांधला. शालू बोलली. दहा मिनिटं, एकदाही अडखळली नाही. दोर टेबलावर मांडून ठेवला होता, लोक सुतळ्यांना हात लावून बघत होते.

सर्जेराव उठला. "चित्र झकास हाय. पण काकू, तुम्हाला तर अक्षर वळखू येत न्हाई. हे आकडं खरं कशावरनं?"

मी म्हटलं, "सर्जेराव, तू लहानपणी बाराव्या पायरीवर बसून रडायचास, खाली उतरायची भीती वाटायची. तेव्हा मी अक्षर ओळखत नव्हते, तुला ओळखत होते."

लोक हसले. तो पण हसला, पण बसला नाही. "हे जुनं झालं. आता खाली बोअर मारल्यात."

शालूने डाळिंबी ठिपक्यांवर बोट ठेवलं. "काका, हे आत्ताचं. आणि मे महिन्यात आपण टँकर मागवला त्या दिवशी विहिरीत अठ्ठाविसाव्या पायरीला पाणी होतं. आपण कुणी वाकून बघितलंच नाही."

तेव्हा चार माणसं उठून विहिरीत वाकून बघून आली.

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. विहीर ठेवायची असेल तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. शालू उघडत होती, सर्जेराव मोजत होता. दहा-दहा झालं. एक चिठ्ठी उरली.

शालूने उघडली. त्यावर खूण नव्हती, पुरी ओळ लिहिलेली होती. तिने वाचली, "विहीर राहावी."

अकरा-दहा. राहिली!

चिठ्ठी हातात धरून शालू आमच्याकडे बघून हसत होती. मला दाखवून म्हणाली, "आजी, बघ ना, अक्षर किती देखणं आहे." मला काय कळतंय देखणं. पण मी ओळखलं. हा सर्जेरावच. बारावी पायरी काढली ना मी, तिथे विरघळला तो. शेवटी आपलं रक्त.

यज्ञेश्वरराव, हे नीट लिहा. सर्जेरावाला आयुष्यात एकदा चांगलं म्हटलंय, ते कागदावर राहू दे.

१६ ऑगस्ट, बुधवार. अधिक श्रावण, अमावस्या

दहा वर्षांनी सुतळी बांधली. उतरवलं मला शालूने आणि यज्ञेश्वररावांनी, दोन्हीकडून धरून. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, म्हणजे कोण कुणाला धरत होतं ते देवाला ठाऊक. पायऱ्या ते मोठ्याने मोजत होते. वरचा उंबरा उगाच पायरीत धरला, मी काढायला लावला. अकरा. शालूने अकरा गाठी मारल्या, मी ओढून बघितल्या. घट्ट आहेत.

वर आल्यावर त्यांची गाडी दिसली, अजून वडाखालीच. कावळे कामाला लागले होते.

मी म्हटलं, "बघा, सर्जेरावाच्या एका चिठ्ठीने तुमची जागा गेली."

"गेली खरी," म्हणाले. राग दिसला नाही. पेठेतल्या माणसाच्या मानाने मोठं मन आहे, हे मी तोंडावर सांगितलं. शालू मधेच का खोकत सुटली कळलं नाही. विहिरीत गारवा असतो.

आता बघा, इथवर लिहून पेन धरून बसलेत. विचारताहेत, "मैनाबाई, शेवटी एक ओळ माझ्या मनाची घालू का?"

नाही. अट म्हणजे अट. मी सांगेन तेवढंच. लिहा: अकरा.